पागेवरची खोली

दुसरं महायुद्ध संपून बारा-तेरा वर्षं झाली होती. पीएचडीसाठी मी बॉनला आलो आणि शहराबाहेरच्या एका जुन्या जहागिरीवर, पागेच्या माडीवर मला स्वस्तात खोली मिळाली. पागा दगडी, बारा घोडे बांधायच्या बारा ठाणांची. घोडे युद्धात गेले ते गेलेच. उरले होते त्या घोड्यांची निगा राखणारे एक म्हातारे मोतद्दार. ते खाली एकटेच राहायचे आणि रोज सकाळी ती रिकामी ठाणं झाडायचे. मला हसू यायचं.

पहिल्याच रविवारी ते जिना चढून वर आले. "चार वाजता खाली कॉफीला येता का?"

मी कोल्हापूरचा. पहिल्या बोलावण्याला 'हो' म्हणणारा आमच्याकडे हावरट ठरतो. मी म्हणालो, "नाइन, डांके. नको, उगाच कशाला त्रास?"

"गुट," म्हणून ते उतरून गेले. मी कोट घालून वाट बघत बसलो. चार वाजून गेले, पुन्हा कुणी विचारायला आलं नाही.

मला भयंकर राग आला. मनापासून बोलवायचंच नव्हतं, तर जिना चढलात कशाला? सगळा हिवाळा मी फुगून काढला. रविवारी फळ्यांच्या फटींतून कॉफीचा वास वर यायचा, आणि मी घरच्या पार्सलाला गुंडाळलेलं वर्तमानपत्र छोट्या जाहिरातींसकट पुन्हा वाचायचो. मराठीत बोलायला कुणी नव्हतंच. एकटेपणाने रडूही यायचं, खोटं कशाला सांगू.

मार्चमध्ये प्रयोगशाळेत कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक फिरत होता. माझ्या शेजारचा 'नको' म्हणाला आणि ताट पुढे सरकलं. ना कुणी आग्रह केला, ना त्याला राग आला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इथे नको म्हणजे नकोच.

त्या रविवारी चार वाजता मी आपण होऊन खाली गेलो, दार वाजवलं आणि कॉफी मागितली. म्हातारबुवांनी आत घेतलं. खोलीत खोकी बांधून ठेवलेली. पागेत आता मोटारींची गॅरेजं होणार होती आणि ते मंगळवारी बहिणीच्या गावी निघाले होते, कायमचे. कॉफी ओतता ओतता ते म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही शिकलेले. लीद काढणाऱ्याच्या हातचं तुम्हाला चालत नसेल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणाच्या हातचं न चालणं मी घरी लहानपणापासून पाहिलं होतं. तेच मी इथे येऊन करतोय, असं हा माणूस पाच महिने समजून बसला होता. आग्रह म्हणजे काय, हे सांगायला माझं जर्मन पुरेना. मी टेबलावरची केकची बशी स्वतःकडे ओढली आणि त्यांनी विचारायच्या आत दोन तुकडे वाढून घेतले.