पाणी आली

विक्रोळीच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत केरळातली एक बाई राहायची. सकाळी नळ आला की गॅलरीत आधी तिचाच खणखणीत आवाज यायचा, "पाणी आली." कुणी दुरुस्त केलं तर म्हणायची, "आमच्यात तो आला काय, ती आला काय, एकच."

तिची मुलगी नववीत होती. तिचं मराठी आमच्याहून झणझणीत. घरात ती आईशी मल्याळी बोलायची, पण चारचौघांत मराठीतच उत्तर द्यायची. उंबऱ्याबाहेर अम्माची 'आई' व्हायची.

एकदा नळावर मैत्रिणींना हसवायला मुलीने आईची नक्कल केली. "पाणी आली, बादली भरला." मान हलवणंसुद्धा हुबेहूब. पोरी खिदळत होत्या आणि मागे आई कळशी घेऊन उभी. आम्ही बायकाही तिथेच रांगेत होतो. माझी पोर असती तर तिथेच एक ठेवून दिली असती.

बाई म्हणाली, "नक्कल चांगला केला. आता मी चुकला कुठे, ते पण शिकव ना." त्या आवाजात मी राग शोधत होते. नव्हताच.

मुलगी खाली बघून हळूच म्हणाली, "पाणी आलं."

"पाणी आलं," बाईने मन लावून घोकलं आणि कळशी नळाखाली लावली.

भरलेली कळशी मुलीने तिच्या हातातून ओढून घेतली आणि सगळ्यांसमोर मल्याळीत काहीतरी बोलली. आम्हाला त्यातलं फक्त 'अम्मा' कळलं.