गुरुबसप्पांचा थंड स्वभाव

गुरुबसप्पा स्वतःला गरीब गाय समजायचे. "आपला सोबाव लई थंड. जन्मात कुणावर वरडलो न्हाय," हे ते अशा आवाजात सांगायचे की समोरच्या ओळीतलं तान्हं पोर दचकून उठावं. चाळीत आम्ही त्यांना गिरणीचा 'दुसरा भोंगा' म्हणायचो, अर्थात पाठीमागं.

बावीस वर्षं गिरणीत माग चालवून त्यांचे कान गेले होते. मागांचा खडखडाट एवढा असतो की तिथं माणसं नुसते ओठ हलवून बोलतात, आणि चार माग पलीकडच्याला ते बरोबर कळतं. तिथं कुणाचा आवाज कुणालाच ऐकू येत नाही, त्यामुळं गिरणीत ते थंडच होते. घरी मात्र त्यांनी पाणी मागितलं तरी बायकोच्या, कमलम्माच्या, हातातला तांब्या हिंदकळायचा. त्यांची समजूत अशी, की घरची माणसंच तोंडातल्या तोंडात बोलतात. खरं काय ते सांगायची हिंमत कुणाची झाली नाही.

चौऱ्याहत्तर साली त्यांच्या एकुलत्या लेकीला, अक्कम्माला, दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरीच, हा रिवाज. सातव्या महिन्यात तिला आणायला ते तिच्या सासरी, मैंदर्गीला निघाले. कमलम्मानं शेंगांच्या पोळ्या बांधून दिल्या, आणि शेजारी म्हणून मला सोबत धाडलं.

तिथं आम्ही सोप्यात बसलो. अंगणापलीकडं, स्वयंपाकघराच्या दारात अक्कम्मा सासूशी कानडीत कुजबुजत होती. मला अक्षर ऐकू आलं नाही. गुरुबसप्पा तिच्या तोंडाकडं बघत होते, आणि बघता बघता त्यांचा चेहरा पडला. गिरणीतल्या माणसासमोर कुजबुजून उपयोग नसतो, हे बिचारीच्या ध्यानात आलं नव्हतं.

माझा हात धरून त्यांनी मला बाहेर ओट्यावर नेलं.

"ती यायची न्हाय. आप्पाच्या आवाजाला लेकरू भिईल म्हणती. ल्हानपणी ती पलंगाखाली दडून बसायची म्हणं. धोंडीराम, मी वरडतो व्हय रं?"

गल्लीतून जाणारी दोन माणसं थांबून बघायला लागली. मी मान डोलावून होय म्हटलं.

मला वाटलं, आता भडकतील. पण ते ओट्याच्या कडेला बसले.

"मंजे ती मला भ्याची," ते म्हणाले. "आन मी गावभर सांगत फिरलो, माजी लेक लई सालस, कदी उलटून बोलत न्हाय."

मला फार लाज वाटली. नाव ठेवायला मी सगळ्यांच्या पुढं होतो, सांगायच्या वेळी मात्र तोंड शिवून बसलो होतो.

आत आल्यावर अक्कम्मा पाणी घेऊन आली. त्यांनी तिला बसायला सांगितलं, आणि त्या आवाजासरशी तिचा हात पोटावर गेला. या खेपेला त्यांना ते दिसलं. त्यांनी आपली दोन बोटं गळ्यावर ठेवली, आणि आवाजाची थरथर चाचपत कानडीत बोलायला लागले. आपण ओरडतो हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं काहीसं ते सांगत होते. थरथर वाढली की थांबायचे, आणि आवाज आणखी खाली आणून तेच वाक्य पुन्हा धरायचे. शेवटी शेवटी तर मलाही ऐकू येईना.

नीट ऐकू येईना म्हणून अक्कम्मा जमिनीला हात टेकून पुढं सरकली. बापाचं बोलणं ऐकायला ती जन्मात पहिल्यांदा जवळ येत होती.