खोडव्याला पडलेला केवडा

माझ्या थोरल्या भावाची पक्की समजूत होती, की ऊस माती खाऊन वाढतो. मी कोल्हापुरात कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. असल्या अडाणीपणाची मला चीड येते. तसं असतं तर दर तोडणीनंतर रानात खड्डा पडला असता, असं मी त्याला सगळ्या घरासमोर सुनावलं. साखरेतला कार्बन पान हवेतून घेतं, पाणी मुळांवाटे येतं. मातीतून जातं ते त्या मानानं चिमूटभर नत्र, लोह वगैरे. भाऊ म्हणाला, मग चिमटीसाठी मी खताची पोती का ओततोय? मी नुसता हसलो.

गेल्या साली त्याचा खोडवा पिवळा पडला. तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं हे पीक. त्याचं घर वर्षभर त्यावरच चालतं. खतवाल्या दुकानदारानं त्याला हिराकसाचा, म्हणजे लोहाच्या क्षाराचा पुडा दिला होता. दुकानदाराला झाडातलं काय कळतं, असं म्हणून मी तो परत करायला लावला. बूट चिखलात नकोत म्हणून बांधावरूनच निदान केलं: नत्र कमी पडलंय, युरिया टाक. शिकलेला भाऊ सांगतोय म्हणून त्यानं टाकला.

तीन आठवड्यांनी पानं पांढरी पडली, शेंडे करपू लागले. युरिया नीट विस्कटला नसणार, असं मी भावालाच झापत होतो. वहिनी तिथंच वैरण कापत होती. तिनं दोन पानं तोडून माझ्या हातात दिली.

"भावजी, खालची जुनी पानं हिरवी हायत. वरची कवळीच पांढरी पडल्यात. नत्र न्हाय म्हणता, मग जुन्यास्नी कुठनं मिळतंय?"

नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्यांना देतं, म्हणून आधी जुनी पिवळी पडतात. लोह तसं हलत नाही, म्हणून ते कमी पडलं की आधी कोवळी पांढरी पडतात. हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहितोय, दोन मार्कांना विचारतोय. आमच्या चुनखडीच्या रानात लोह मुळांना मिळत नाही, पानं अशी पांढरी पडण्याला केवडा म्हणतात, आणि हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

तोच पुडा आणायला मी दुकानात गेलो. दुकानदारानं तो फळीवरून काढून दिला. हिराकसाच्या फवारणीनं अर्धा खोडवा वाचला, अर्ध्यावर भावानं नांगर घातला.

रान मोकळं कसं, असं कुणी विचारलं की तो म्हणतो, "खोडवाच कमजोर हुता." माझं नाव घेत नाही. ज्याला मी अडाणी म्हणत आलो, त्याची ही भलाई मला शिव्यांपेक्षा जास्त झोंबते.