तेलाचा काटा आणि बाबांचा तळहात

एम.एस्सी.ला माझ्या प्रकल्पाचा विषय होता: तापमान वाढले की तेलाचा दाटपणा कसा कमी होतो. त्यात मी विभागात पहिली आले. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याविषयी कोणाला चुकूनही सहानुभूती वाटायला नको.

बाबांची मोटरसायकल माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे. अकोल्याच्या एका सरकारी कार्यशाळेत बाबा आणि युसूफचाचा यांनी शेजारी-शेजारी उभे राहून आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त केले. बाबा दोन वर्षे आधी निवृत्त झाले. त्या दिवशी चाचांनी त्यांना याच गाडीवर मागे बसवले आणि गळ्यात हार, मांडीवर नारळ अशा थाटात फाटकापासून घरापर्यंत पोहोचवले. तेव्हा बाबा म्हणाले होते, "युसूफ, तुह्या टायमाले मी येईन. याच गाडीवर!" पुढे आम्ही अमरावतीला राहायला आलो, पण दिलेला शब्द बाबा विसरले नाहीत.

चाचांच्या निवृत्तीला आठवडा उरला आणि मला गाडीची काळजी वाटू लागली. (बाबांना वाटत नव्हती.) त्यांची तपासणीची पद्धत एकच. इंजिन चालू करायचे, त्यावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा: "खुश आहे."

"बाबा, याला काय मोजमाप म्हणायचं? आत तेलाचा दाब किती आहे, ते कळायला नको?"

"मले कळते ना."

"मग आकड्यात सांगा."

"आकड्यातबी खुश आहे!"

अशा अवैज्ञानिक वातावरणात मी तेलाचा दाब दाखवणारे मीटर मागवले. इंजिनाच्या तेलनळीला जोड दिला, तिथून तांब्याची बारीक नळी वर नेली आणि हँडलवर गोल तबकडी बसवली. डिसेंबरातली गारठलेली सकाळ. गाडी सुरू करताच काटा साठावर गेला! मी लगेच आईच्या नेलपॉलिशने पंचेचाळीसवर लाल खूण केली आणि जाहीर केले, "काटा याच्या खाली गेला, की इंजिन तत्काळ बंद." (थंड सकाळ, थंड इंजिन, थंड तेल. माझ्या प्रकल्पाचा विषय आठवतो ना? मला आठवला नाही.)

चाचा चार वाजता फाटकाबाहेर पडणार होते. आम्ही अकरालाच निघालो. बाबांनी बुद्धवंदनेसाठी राखून ठेवलेला पांढराशुभ्र शर्ट घातला होता. मी मागे बसून त्यांच्या खांद्यावरून काट्यावर नजर ठेवून होते. बडनेरा ओलांडले आणि काटा खुणेखाली उतरला.

"बाबा, थांबा!"

"काहून वं?"

"दाब कमी झालाय!"

"गाडी तं बरी चालून राह्यली."

"पण हे यंत्र सांगतंय!"

"मंग मी बसलो तो कोन आहे? बैल?"

थांबलो. वीस-पंचवीस मिनिटे गाडी थंड केली. पुन्हा सुरू केली, तर काटा वर! "बघितलंत?" मी विजयी मुद्रेने म्हणाले. पंधरा किलोमीटरवर काटा पुन्हा खाली. पुन्हा थांबलो. सरकीची पोती भरलेला एक टेम्पो आम्ही चार वेळा मागे टाकला आणि त्याने आम्हाला पाच वेळा. शेवटी तर त्याचा ड्रायव्हर आमच्याकडे बघून सलाम ठोकू लागला!

मूर्तिजापूर मागे पडले तेव्हा तीन वाजत आले होते. बाबा हळूच म्हणाले, "बाई, आता नको थांबवू. तो फाटकात उभा राहीन."

मी त्यांना थांबवायला नको होते. पण तोवर माझ्या बुद्धीने नवा निष्कर्ष काढला होता: जोड सैल असणार! बोरगाव मंजूजवळ मी शेवटचे थांबवले. "फक्त दोन मिनिटं!" पाना लावला, घट्ट बसलेला जोड आणखी अर्धा फेरा पिळला आणि बाबांना गाडी सुरू करायला सांगितले.

तांब्याची नळी जोडापाशीच तुटली. काळ्या, गरम तेलाचे कारंजे थेट वंदनेच्या शर्टावर! काटा शून्यावर आला. त्या दिवसभरात मी त्याचा बरोबर लावलेला हा एकमेव अर्थ.

तेल रस्त्यावर सांडलेले, वाजलेले पावणेचार. तेलाने निथळणाऱ्या माणसाला कोणी गाडीत घेईना. तासाभराने, मूर्तिजापूरला जेवायला थांबलेला सरकीचा टेम्पोच आला.

"काय ताई," ड्रायव्हर म्हणाला, "आता काय मोजून राह्यल्या?"

मोटरसायकल जवळच्या ढाब्यावर सोडून आम्ही पोत्यांवर बसलो. बाबा वाटभर घड्याळाची काच पुसून पुसून वेळ बघत होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा फाटक बंद झाले होते. चौकीदार म्हणाला, "युसूफभाईनं लय वाट पाह्यली. सायबाची गाडी आली, तिच्यातबी नाई बसले. 'माहा दोस्त येऊन राह्यला' म्हणे. पाच वाजता निंगाले मंग. पायीच."

पायी! गळ्यात हार आणि हातात नारळ घेऊन!

चाचांच्या घरी गेलो. त्यांनी बाबांचा शर्ट वरून खालपर्यंत निरखला. "काय रे दामू, तू अजून रिटायर नाई झाला?"

बाबा एवढेच म्हणाले, "चुकलं, युसूफ." माझे नावही त्यांनी घेतले नाही. ते घेतले असते, तर मला सोपे गेले असते.

"चाचा, चूक माझी आहे," मी म्हणाले आणि कारणमीमांसा सुरू केली. "मी खूण थंड तेलावर केली. तापमान वाढलं, की दाटपणा घटतो, मग दाबही..."

"बेटा," चाचा म्हणाले, "गरम झालं का तेल पातळ होते, हे तं भज्याच्या कढईतबी दिसते."

माझा एकशे दहा पानांचा प्रकल्प एका कढईत संपला.

दुसऱ्या दिवशी दोघा मित्रांनी ढाब्यावर जाऊन माझे मीटर काढले, भोकात बोल्ट पिळला, तेल भरले. गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. बाबांनी चाचांना मागे बसवून घरापर्यंत सोडलेही. पण निवृत्त होऊन माणूस फाटकाबाहेर एकदाच पडतो, आणि ती वेळ मी बोरगाव मंजूला पाना फिरवून घालवली.

आता घरात मी कोणाला काही समजावून सांगू लागले, की बाबा माझ्या डोक्यावर तळहात ठेवतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "गरम आहे. थोडं थंड होऊ दे, मंग बोल."

खेदाने नमूद करते, की हे मोजमाप अजून एकदाही चुकलेले नाही.