बदली बाईंचा फोटो

सुनीती आगाशे यांचे आयुष्य गेले दुसऱ्यांच्या वर्गात. कुणाची प्रसूती, कुणाचे आजारपण, कुणाच्या घरचे लग्न. शाळेचा फोन आला की शनिवार पेठेतून त्यांची स्कूटर निघायची. सकाळी परके म्हणून शिरावे, संध्याकाळी परके म्हणूनच निघावे. पण मधला सारा वेळ त्या लेकरांचे होऊन राहावे! विशेष मुलांना शिकवणे ही त्यांची सेवा आणि हीच त्यांची पूजा. स्वतःचा वर्ग मात्र भगवंताने कधी पदरात घातला नाही.

येरवड्याच्या एका विशेष शाळेतल्या प्रियदर्शनीबाईंचे त्या दिवशी ऑपरेशन होते, म्हणून सुनीतीबाई आल्या. वर्गात पाऊल टाकताच मनात पाल चुकचुकली. मदतनीस मैनाबाई भिंतीवरच्या फळ्याला पाठ लावून उभ्या होत्या, आणि हलायला तयार नव्हत्या.

"मावशी, जरा बाजूला होता का?"

"का? काय बघायचंय? मागं एक बदलीवाल्या आल्या होत्या. गोड हसल्या, मोबाइलवर शूटिंग केलं आणि वर तक्रार करून गेल्या."

"माझा मोबाइल पर्समध्ये आहे."

"त्यांचापण होता."

टेबलाखाली सृष्टी बसली होती. नऊ वर्षांची, तोंडाने बोलत नसे, चित्रांच्या कार्डांनी बोले. पेल्याचे कार्ड हातात दिले की पाणी हवे, असा तिचा रिवाज. आज मात्र कुठल्याच कार्डाला हात नाही, पाण्याला ओठ नाही. मैनाबाईंकडे बघे नि अंग चोरून घेई. सुनीतीबाईंना वाटले, ही पोर कुणाला भिते? या मावशींना तर नाही? त्यांनी हळूच सृष्टीची मनगटे न्याहाळली. वळ नव्हता, ओरखडा नव्हता. पण संशयाला कुठे खूण लागते?

डबा खायची वेळ झाली. सृष्टीला फिट येऊ नये म्हणून या वेळी गोळी द्यावीच लागे. मागे एकदा ती चुकली आणि लेकरू जिन्यावरच कोसळले होते. सुनीतीबाईंनी गोळी पुढे केली. सृष्टीने ओठ घट्ट मिटले. थोपटून झाले, आर्जवे झाली, ओठ उघडेनात.

"शिऱ्यात दडवू," मैनाबाई कुजबुजल्या. "कळायचं नाही तिला."

"रोज असंच फसवता?"

"रोज बाई तळहातावर ठेवतात नि ती गुमान घेते. आज तुम्ही आहात."

"आणि कळलं, तर उद्यापासून शिराही सोडेल ती!"

तेवढ्यात सुनीतीबाईंच्या ध्यानी आले. सृष्टीची नजर मैनाबाईंकडे नव्हतीच. ती त्यांच्या पाठीमागे जायला बघत होती.

"मावशी, सरका."

या वेळी ती विनंती नव्हती. मैनाबाई सरकल्या. फळ्यावर 'आजच्या बाई' या चौकटीत प्रियदर्शनीबाईंचा हसरा फोटो! रोज सकाळी सृष्टी तो फोटो बघे, मग बाईंचा चेहरा बघे, आणि मगच तिचा दिवस सुरू होई. आज फोटो मावशींच्या पाठीआड आणि समोर भलतीच बाई. तिने विश्वास ठेवावा तरी कुणावर?

"बाई नसल्या की हा काढायचा असतो ना?"

"असतो," मैनाबाई म्हणाल्या. "पण त्या तिकडं ऑपरेशनच्या टेबलावर, आणि मी इथं त्यांचा फोटो भिंतीवरून उतरवू? माझा हात धजेना. तुम्ही उतरवाल म्हणून सकाळपासनं आडवी उभी आहे मी."

मनगटे न्याहाळल्याचे आठवून सुनीतीबाईंची मान खाली गेली.

"उतरवायचा नाही, मावशी. शेजारच्या 'आज सुट्टी'च्या चौकटीत सरकवा फक्त. तुमच्याच हातानं."

फोटो भिंतीवरून न सुटता, अलगद सरकला. मोकळ्या जागी सुनीतीबाईंनी पर्समधला आपला पासपोर्ट फोटो लावला. सृष्टी बाहेर आली. फोटो पाहिला, चेहरा पाहिला, पुन्हा फोटो. कपाळाला आठी पडली. मग तिने सुनीतीबाईंचा चष्मा खेचून काढला. फोटोत तो नव्हता ना! आता जुळले. तरी खात्रीसाठी तिने मैनाबाईंकडे पाहिले.

"होय गं बाळा, याच."

सृष्टीने गोळी हुंगली. पेला आधी सुनीतीबाईंच्या ओठांना लावला. त्यांनी घोट घेतला. मग गोळी उचलून पेला तिने स्वतःकडे ओढला. चष्म्याविना सुनीतीबाईंना समोरचे सारे धूसर दिसत होते.

"गिळली?"

"गिळली," मैनाबाई म्हणाल्या.

सुनीतीबाईंनी पुन्हा विचारले नाही.