खोकल्याची चौकशी करणारा खलनायक

गेल्या हिवाळ्यात फुलचूरला मित्राच्या घरी आम्ही सुपरहिरोंचे दोन सिनेमे लागोपाठ पाहिले. पहिल्यातला खलनायक शहर जाळतो आणि खदाखदा हसतो; का जाळतो, ते शेवटपर्यंत कळत नाही. दुसऱ्यातल्याचं गाव धरणात बुडालेलं असतं. तो जाब विचारतो, आणि त्याचं बरोबरच असतं. मग लेखक त्याच्या हातून एक शाळा उडवतो, म्हणजे आपण निमूट हिरोकडे परतावं. ही सरळ लबाडी आहे, असं मी म्हणालो.

"अबे, पहिलाच बरा," मित्र म्हणाला. "हसला की समजते, बदमाश हाच होय."

त्याच आठवड्यात आम्ही शेजाऱ्यांनी माझ्या गल्लीत सभा बोलावली. गल्लीमागच्या राईस मिलची काजळी वर्षभर आमच्या घरांवर पडते, आणि माझी आई खोकून खोकून अर्धी झाली आहे. सभेला मिलचा मालक स्वतःच आला. म्हाताऱ्यांच्या पाया पडला. आईजवळ बसून म्हणाला, "चाची, खाँसी कैसी है अब?" आणि खिशातून औषधाची बाटली काढून तिच्या हातात दिली.

सभा तिथंच मोडली. उठता उठता शेजारीण मला म्हणाली, "एवढा भला माणूस! त्याच्याविरुद्ध काऊन बोलून राहिला रे?"

तो एकदाही हसला नव्हता ना! मग ओळखणार कसा?

बाटली आता खिडकीत असते. आई रोज सकाळी तिच्यावरची काजळी पदरानं पुसते आणि एक चमचा औषध घेते.