भुवईचा सौदा

बाजारात त्याला भोंगा म्हणत. फळांच्या लिलावात तीस वर्षं त्याने पुकारा केला, आणि आवाज असा की शेवटच्या गाळ्यावरचा बहिरा हमालही मान वर करी. आजार गाठायचाच होता तर एखाद्या घुम्या माणसाला गाठायचं होतं. याचेच आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. नसांचं दुखणं, बरं न होणारं. डोकं तेवढं लख्ख, बाकी सगळं अंग संपावर गेलेलं.

उरली होती उजवी भुवई.

बायकोने जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे अक्षरं लिहून तक्ता केला होता. ती एकेका ओळीवर बोट ठेवायची. हवी ती ओळ आली की तो भुवई उचलायचा. मग त्या ओळीतलं अक्षर, मग काना-मात्रा. एका शब्दाला दोन-तीन मिनिटं जात. बायको मुळातच घाईची. जाड भिंगांच्या चष्म्यातून बघत ती पहिल्या अक्षरावरच शब्द पुरा करून टाकी. ‘पा’ आलं की पाणी. त्याची पाठ खाजत असे आणि तोंडात चमचा आलेला असे. मग पाणी गिळायचं आणि पाठीची खाज तशीच सोसायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बुक्क्या मायेच्या होत्या एवढंच.

दवाखान्यातल्या वाचा-उपचाराच्या बाईंनी एकदा एक यंत्र आणलं. पडद्यावर अक्षरं, ज्या अक्षरावर नजर थांबेल ते उमटतं आणि पुरं झालेलं वाक्य यंत्र मोठ्याने बोलतं. बायको डोळ्यांत पाणी आणून समोर उभी राहिली. यंत्र म्हणालं, “भाजीत मीठ जास्त असतं. लग्नापासून.”

“मग इतकी वर्षं गिळलंत कशाला?” बायको म्हणाली.

तीन दिवस घरात मनसोक्त भांडण झालं. दोघंही सुखात होती. चौथ्या दिवशी बाईंनी यंत्र परत नेलं, कारण दवाखान्यात ते एकच होतं आणि रांगेत अकरा माणसं. पदरमोड करून घेण्यातली वस्तू नव्हती. बाईंनी सरकारी मदतीचा अर्ज भरून दिला.

अर्ज परत आला. अर्जदाराने आपली गरज स्वतःच्या तोंडाने किंवा स्वतःच्या हाताने मांडावी, असं त्यावर लिहिलं होतं. तोंड आणि हात असते तर तुमच्या दारात कोण आलं असतं, मेल्यांनो, असं त्याला ओरडायचं होतं. बायकोने तक्ता उचलला. त्याने भुवई उचललीच नाही. एवढी मोठी शिवी अक्षराअक्षराने देण्यात काय मजा?

बाईंनी हुज्जत घातली तेव्हा कचेरीतून एक तपासनीस घरी आला. खुर्चीच्या टोकावर बसून त्याने विचारलं, “यंत्र कशासाठी हवंय?”

भोंग्याला म्हणायचं होतं, माझं मला भांडता यावं म्हणून. बायकोचं बोट फिरलं, ‘मा’ झालं, आणि बायकोला पाहुण्यांसमोर दम निघेना. “मानानं जगता यावं म्हणून, साहेब,” ती म्हणाली. तपासनिसाने मान डोलावली, चहा घेतला आणि पंधरा दिवसांनी शेरा पाठवला: उत्तरं पत्नीची आहेत, अर्जदाराला समजतं याचा पुरावा नाही.

भोंगा पेटला. कचेरीवर पेटला आणि त्याहून जास्त बायकोवर. दोन दिवस त्याने भुवई खाली ठेवली. पाणी नाही, कूस नाही, हो नाही, नाही नाही. त्याच्याजवळ रुसायला तेवढंच उरलं होतं. तिसऱ्या दिवशी बायको तक्ता घेऊन बसली आणि म्हणाली, “चुकलं माझं. आता बोला. मी तोंड उघडणार नाही.”

वीस मिनिटं लागली. त्याने सांगितलं: माझे शब्द खाऊ नकोस. तेवढेच आहेत.

ती चष्मा काढून पुसत राहिली.

अपिलाची तारीख मिळाली. ही शेवटची संधी, बाईंनी स्पष्ट सांगितलं. भुवईही महिन्यागणिक जड होत चालली होती. बायकोला मोतीबिंदू, भुवई तिला दिसे, बुबुळ कुठे वळलं ते दिसत नसे. भुवई गेली की तक्ताही गेला.

कचेरीत मोठे साहेब होते, टेबलावर फायली, प्रत्येकाला पंधरा मिनिटं. त्यांनी बायकोला बाहेर पाठवलं, खणातून कात्री काढून त्याला दाखवली आणि परत आत ठेवली. “आत्ता मी काय दाखवलं, ते यांनी तुम्हाला सांगायचं,” ते तिला आत बोलावून म्हणाले.

परीक्षा रास्त होती, हे त्यालाही मान्य. बोट फिरू लागलं. ‘का’ झालं. कागद, काच, कापड, सगळे शब्द बायकोच्या ओठांवर येऊन बसलेले त्याला दिसत होते. तिने ओठ चावला. मध्येच साहेबांचा फोन वाजला. मुलाच्या शिकवणीबद्दल ते मिनिटभर भरभरून बोलले आणि तेवढ्यात इकडे एक अक्षर पुढे सरकलं. सहाव्या मिनिटाला बायको म्हणाली, “कात्री.”

“उत्तम,” साहेब म्हणाले. “म्हणजे तक्त्यावर काम भागतंय. मग यंत्राची गरजच कुठे राहिली?”

आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. बोलता येत नाही म्हणून यंत्र नाही, आणि बोलता येतं म्हणूनही नाही. याच्या अंगात जोर असता तर टेबल उलथलं असतं. पण भडका बायकोचा उडाला. “मी अंघोळीला गेले की हे मुके होतात, साहेब,” ती म्हणाली. “मी झोपले की मुके. मी मेले तर कायमचे मुके. तुमची बायको न्हाणीघरात असली की तुमची जीभ काढून ठेवतात का?”

साहेबांनी भुवया उंचावल्या.

त्याने ते पाहिलं. तीस वर्षं त्याने दुसरं केलंच काय होतं? लिलावात तोंडाने बोली कोण लावतो? पन्नास व्यापाऱ्यांतल्या एकाची भुवई हलते, आणि पुकारणाऱ्याने ती टिपायची. उचललेली भुवई म्हणजे दिलेला शब्द. एकाच्या कपाळावर माशी बसली, भुवई हलली, आणि चाळीस पेट्या त्याच्या गळ्यात पडल्या. त्याने निमूट उचलल्या. पुरावा कोणी मागितला नव्हता.

त्याने बायकोकडे बघून भुवई उचलली. बायकोने तक्त्यावर बोट ठेवलं.

“वेळ संपलाय,” साहेब म्हणाले.

“ते बोलताहेत,” बायको म्हणाली. “बसा.”

‘भु’ झालं. त्याला भूक लागली असेल, असं बायकोच्या मनात आलं नसेल तर शपथ. पण ती गप्प राहिली. बाहेर पुढची माणसं दारातून डोकावू लागली. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं, एकदा पाणी प्यायलं. बावीस मिनिटं गेली. मग बायकोने पूर्ण वाक्य एकदाच वाचून दाखवलं: “भुवई उचललीत. सौदा पक्का. सही करा.”

साहेबांना कळेना. बायकोने बाजाराची रीत सांगितली, माशीचीही गोष्ट सांगितली. साहेब हसले नाहीत. त्यांनी फाईल पुढे ओढली आणि सही केली.

सही झाली, यंत्र आलं नाही. सही एका खात्याची, खरेदी दुसऱ्याची, आणि दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवणारी. दरम्यान वाचेच्या बाईंची बदली झाली. पाचव्या महिन्यात भुवई गेली. बायको तक्ता धरून समोर बसे, बोट फिरवे, भिंगं त्याच्या चेहऱ्याला टेकेपर्यंत वाके, आणि मग उठून पाणी आणे. तो पाणी गिळे. दोन महिने हे असंच चाललं.

सातव्या महिन्यात यंत्र आलं. बाई रजा टाकून ते लावायला आल्या. कचेरीचा माणूसही कॅमेरा घेऊन आला. “साहेबांसाठी आभाराचे दोन शब्द होऊन जाऊ देत,” तो म्हणाला आणि कॅमेरा सुरू केला.

नजर अक्षरांवरून फिरली. कोणी मध्ये बोललं नाही. यंत्र म्हणालं, “पाठ खाजते आहे. दोन महिने.”

बायकोने तोंडावर हात धरला. मग तिने त्याला पुढे झुकवलं आणि सदऱ्याखाली हात घातला.

“आता आभार,” कॅमेऱ्यामागून आवाज आला.

“डावीकडे,” यंत्र म्हणालं. “अजून वर.”